घरापासून चाळीस किलोमीटरवर मुक्काम, तोही वॉटरपार्कच्या हॉटेलात!

सिडकोवाली

मागच्या बुधवारी आम्ही सहकुटुंब हॉटेलात राहायला गेलो. कुठे, तर घरापासून चाळीस किलोमीटरवर. कुलूप लावताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "गावाला का?" मी ठिकाण सांगितलं. त्यावर त्या नुसतंच "बरं बरं" म्हणाल्या. त्या "बरं बरं"मध्ये सगळं आलं.

झालं असं की पोरांना दोन वर्षांपासून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचंय. पण खोपोली म्हणजे एक दिवस जाण्यात, एक येण्यात, नवऱ्याच्या रजा आणि सासूबाईंचे गुडघे. हो-नाही करता करता उन्हाळा संपला, शाळा उघडली. मग नवऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की शहराबाहेरच्या एका वॉटरपार्कला लागून आता राहायच्या खोल्याही झाल्यात. शाळा सुरू झाल्यावर मधल्या वारी त्या निम्म्या दरात मिळतात, दोन्ही दिवसांचं पार्कचं तिकीट धरून. नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे.

पहिला खोडा घरातच. सासूबाई म्हणाल्या, "बुधवारी नळाची पाळी आहे." संभाजीनगरकरांना पुढचं सांगायला नको. पाणी येणार आठवड्याने, त्या दिवशी घर सोडायचं म्हणजे काय! शेवटी समोरच्यांकडे किल्ली दिली, मोटरचं बटण दाखवलं, हौदाचं झाकण काढून ठेवलं. तरी सासूबाईंनी वाटेत दोनदा फोन करून "आलं का?" विचारलंच. पाणी भरायचं सोडून पाण्यात खेळायला निघालेलं आमचं हे वऱ्हाड.

आता तक्रार. रिसेप्शनवरच्या मुलाने आधार कार्डं घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "सर, हे लोकल आहे."

नवरा म्हणाला, "हो, लोकलच आहे."

"लोकलला रूम देत नाही सर. पॉलिसी आहे."

बुकिंग करताना पत्ता घेतला होता, पूर्ण पैसे घेतले होते, तेव्हा पॉलिसी झोपली होती का? धाकटा तोवर पोहायचा चष्मा लावून तयार. सासूबाई सोफ्यावर धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "बाळा, लोकलला नाही तर कुणाला देतोस? इथं माळरानावर लंडनहून येतंय का कोणी?"

मॅनेजर आला. त्याने दोन लेकरं पाहिली, म्हातारी पाहिली, "फॅमिली आहे ना, मग ठीक" म्हणून चावी दिली. पाऊण तास गेला, माफी वगैरे काही नाही. नवरा-बायको दोघंच गेलो असतो तर बहुतेक परत फिरावं लागलं असतं.

पण त्यानंतर जे झालं त्यासाठी हा धागा.

या आधी त्याच पार्कात आम्ही तीनदा सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलोय. मे महिना, रविवार, एकेका घसरगुंडीला अर्धा-पाऊण तास रांग, तापलेल्या फरशीवर उड्या मारत चालणं, परतीला गाडीत ओले टॉवेल आणि पेंगलेली पोरं. या वेळी साडेपाचला शिट्टी झाली, सगळे निघाले आणि आम्हाला जायचंच नव्हतं! आम्ही बाल्कनीत. हळूहळू लाटांचा तलाव शांत झाला, मग पंप बंद झाले. पंपांचा एवढा आवाज होता हे ते बंद झाल्यावर कळलं. घसरगुंड्यांतून उरलेलं पाणी थेंब थेंब गळत होतं, पलीकडच्या शेतात बेडूक सुरू झाले. मोठी म्हणाली, "आई, पार्क झोपायला लागलं."

दुसऱ्या दिवशी गेट उघडल्या उघडल्या आत. त्या मोठ्या निळ्या घसरगुंडीवरून पोरगी ओळीने सात वेळा आली, रांग नाहीच. सासूबाईंनी कॉस्च्युमला साफ नकार दिला. साडीने पाण्यात उतरता येत नाही, पण लेझी रिव्हरच्या (हळू वाहत्या पाण्याच्या पाटाच्या) काठाला बसून पाय सोडायला तिथल्या मुलाने हरकत घेतली नाही. दोन तास बसल्या. पाण्याखाली त्यांची जोडवी चमकत होती, पोरं ट्यूबवरून येता-जाता त्यांच्या पायांना हात लावून जात होती आणि त्या प्रत्येक वेळी "औक्षवंत व्हा" म्हणत होत्या. ट्यूबमधून वाहत आलेल्या एका अनोळखी काकांनाही आशीर्वाद मिळाला.

आणि माझं म्हणाल तर पहाटे साडेपाचला सवयीने जाग आली. डबे नाहीत, भांडी नाहीत, नळ नाही. किटलीत चहा केला, बाल्कनीत एकटी बसून प्यायले. दीड तास कुणी उठलं नाही. त्या दीड तासाचे वेगळे पैसे लावले असते तरी दिले असते.

तर असं जवळच्या जवळ मुक्कामाला आणखी कोणी जातं का? काय बघून ठरवता? आणि हे "लोकल आधार" प्रकरण काय आहे?

मोंढा_नाका

ताई, लेखन छान पण हिशोब जमत नाही. चाळीस किलोमीटरवर स्वतःचं घर, स्वतःचा पलंग, आणि खोलीला एवढे पैसे? त्यापेक्षा एखाद्या शेतावर हुरडा पार्टीला जा. माणशी काहीशे रुपयांत हुरडा, दह्याची चटणी, भरीत, भाकरी, बैलगाडी. पोरांना मातीही कळेल.

सिडकोवाली

दादा, जूनमध्ये हुरडा कुठून आणू?

मोंढा_नाका

हाहा. मान्य. संक्रांतीला धागा वर काढतो.

चटणीभाकर

वाचतेय. जेवणाचं काय होतं? आमचा अनुभव वाईट. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, गेटवर पिशव्या तपासतात, आणि आतला वडापाव दोन तास आधी तळलेला. धपाटे कसे काय सुटले?

सिडकोवाली

तीच तर मुक्कामाची गंमत! पार्कात नेऊ देत नाहीत, खोलीत कोण बघतंय. दुपारी खोलीवर आलो, धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, पंख्याखाली तासभर आडवे, की पुन्हा पाण्यात. दिवसभराच्या तिकिटात दुपारी जायला जागाच नसते, म्हणून पोरं चार वाजता रडकी होतात. सकाळचा नाश्ता खोलीच्या दरात होता. इडली कोरडी, पण चक्क सुशीला होता, म्हणजे आपला भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा! मोहरी-मिरचीची फोडणी, वर शेव. स्वयंपाकी परभणीकडचा निघाला.

काळी_माती

मी लातूरचा. काय करलालाव राव तुम्ही लोक! राग मानू नका, पण मराठवाड्यात वॉटरपार्क हा शब्दच मला घशाखाली उतरत नाही. २०१६ला आमच्याकडं पाणी रेल्वेनं आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी, मिरजेहून, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची येऊ लागली. मी तेव्हा बारावीला होतो. टाकीपाशी घागरींच्या रांगेत नंबर धरून अभ्यास केला. त्याच उन्हाळ्यात हायकोर्टानं आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले, मैदानावर पाणी मारायचं म्हणून. आणि इकडं लोक पाण्यात घसरगुंड्या खेळतात. तुमच्या लेकरांच्या मजेबद्दल काही नाही. मलाच जमत नाही.

मोंढा_नाका

वॉटरपार्क बंद केल्याने लातूरला पाणी जात नसतं भाऊ. उसाला किती जातं ते बोला की.

काळी_माती

उसाचं मी रोज बोलतो, घरात वडिलांशीच बोलतो. आमचाच चार एकर आहे. तो वेगळा धागा होईल.

फिल्टरवाला

वादात पडत नाही, पण माझं कामच हे आहे. स्विमिंग पूल आणि वॉटरपार्कचे प्लँट बसवतो, मेंटेनन्स करतो. थोडं सविस्तर लिहितो.

पूलमधलं पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी फिरत राहतं. काठावरून ओसंडलेलं बॅलन्सिंग टँकमध्ये, तिथून पंपाने वाळूच्या फिल्टरमध्ये, क्लोरीन देऊन परत पूलमध्ये. घसरगुंडीवरून धो धो येतं तेही तेच. त्यामुळे लोकांना वाटतं तेवढं पाणी रोज लागत नाही. पण काळी_माती, तुमचं म्हणणं खोटंही नाही, कारण दोन वाटांनी पाणी जातंच. एक म्हणजे बॅकवॉश. फिल्टरमध्ये घाण साचली की उलट्या दिशेने पाणी सोडून ती धुवावी लागते. हे पाणी थोडं मुरवून बागेला देणारे मालक आहेत, नाल्यात सोडणारेही आहेत. दुसरी वाट सूर्याची. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटीमीटरभर सहज उतरते. ऐकायला काहीच नाही. पण हजार चौरस मीटरच्या पूलचा एक सेंटीमीटर म्हणजे दहा हजार लिटर. रोज एक टँकर नुसता हवेत. जायकवाडी धरणाचा नाथसागरही असाच उडतो, तिथे फक्त आकडे मोठे.

म्हणून चौकशी करायचीच तर ही करा की पाणी कुठून येतं, स्वतःचं शेततळं किंवा पावसाचं साठवण आहे का, की शेजारच्या गावाची विहीर उपसतात.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. "क्लोरीनचा लय वास येतो म्हणजे पाणी एकदम शुद्ध" हा गैरसमज आहे. नीट राखलेल्या पूलला तसा उग्र वास येत नाही. क्लोरीनची घामाशी आणि लघवीशी गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात. तो वास त्यांचा, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यांनीच. पाण्यात मोकळा क्लोरीन एक ते तीन पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.६च्या आसपास असावा. चांगल्या ठिकाणी रोजच्या नोंदींची वही असते. मागा, दाखवतात का बघा. वही नसली तर खोल भागाचा तळ बघा. तळाची जाळी स्वच्छ दिसत नसेल तर पोरांना उतरवू नका. पाण्याच्या शुद्धतेचं सोडा, कुणी बुडालं तर जीवरक्षकाला दिसायचंही नाही.

आणि सिडकोवाली, तुमच्या सकाळच्या सात फेऱ्या सगळ्यात चांगल्या पाण्यात झाल्या. क्लोरीन उन्हात मोडतो, शिवाय गर्दीने खर्च होतो. दुपारी तीनचं पाणी दिवसातलं सगळ्यात वाईट. रात्री माणसं नसताना डोस देतात, फिल्टर चालवतात, त्यामुळे सकाळी पाणी तकतकीत असतं. मुक्कामाला राहणाऱ्याला तेच मिळतं.

नायलॉनच्या सक्तीबद्दलही लोक भांडतात. सुती कपड्यांचे धागे सुटतात, रंग जातो, दोन्ही फिल्टरमध्ये जाऊन बसतं. आजींच्या साडीला अडवलं ते बरोबर. नुसते पाय सोडू दिले ते त्या पोराचं शहाणपण.

चटणीभाकर

तीनचं पाणी सगळ्यात वाईट हे वाचून मागच्या चार सहली डोळ्यांपुढे आल्या. आम्ही "ऊन उतरलं की जाऊ" म्हणून बरोबर तीनलाच उतरायचो.

फ्रंटडेस्क

लोकल आधारबद्दल. मी सहा वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर काढली, आता तो धंदा सोडलाय म्हणून मोकळेपणाने लिहितो. स्थानिक माणसाला खोली देऊ नये असा कायदा नाही. ओळखपत्र घेऊन रजिस्टरला नोंद करणं बंधनकारक, ते करायचंच. बाकी "पॉलिसी" मालकाच्या डोक्यातली. भीती दोन. गावातलीच जोडपी येतील, मागोमाग नातेवाईक येतील, पोलीस येतील, नाव खराब होईल. किंवा गावातली टोळकी येऊन पितील, दंगा करतील. म्हणून सरसकट नाही म्हणायचं. शहरातल्या लॉजचं डोकं उचलून रिसॉर्टला लावलंय, दुसरं काही नाही. वॉटरपार्कला नव्वद टक्के गिऱ्हाईक आसपासच्या तीन-चार जिल्ह्यांचं असताना लोकल नको म्हणणं म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्याने गावचं दळण नको म्हटल्यासारखं.

नव्वदचा आकडा माझा अंदाज, भांडू नका.

उपाय एकच. बुकिंगच्या आधी फोन करून "आमचं आधार इथलंच आहे, चालेल ना?" विचारायचं आणि "चालेल" हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं. पोरगा काउंटरवर नाही म्हणाला की त्याच्यापुढे तो मेसेज धरायचा. आणि त्या पोरावर चिडू नका. त्याला आत गेल्यावर मालक वेगळाच झापत असतो.

आणखी एक. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी १२ऐवजी ५ टक्के झालाय. बिल नीट बघा.

सिडकोवाली

हे "चालेल" लिहून घ्यायचं आधी कळलं असतं तर पाऊण तास वाचला असता. जीएसटी बघितला, पाचच लावलाय. तेवढं बरं.

गोदातीर

आम्ही नांदेडकर. आम्हाला विचाराल तर "जवळचं" म्हणजे हैदराबाद. मुंबई लांब, पुणे लांब, हैदराबादला रात्री रेल्वेत बसलं की सकाळी हजर. निजामाच्या काळापासूनचा रस्ता तो, सुटत नाही. रामोजी फिल्म सिटीत आम्ही दोनदा मुक्काम केलाय. आवारातच हॉटेलं आहेत, सितारा महाग, तारा त्यातल्या त्यात परवडणारं. १९९६ साली सुरू झालं, १६६६ एकर, जगातलं सगळ्यात मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीजमध्ये नोंद. हे आकडे ऐकून गेलो आणि पहिल्या वेळी एकाच दिवसात सगळं उरकायचा प्रयत्न केला. पाय मोडून घेतले. बसने हिंडवतात तरी चालणं खूप. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा दिवसाचे लोक शहराच्या रस्त्याला लागलेले असतात, रात्री हयातनगरच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात.

दुसऱ्या वेळी आत राहिलो. सिडकोवालीताईंनी पार्क झोपायला लागलं म्हटलंय ना, अगदी तेच. फरक एवढाच की तिथे खोटं रेल्वे स्टेशन झोपतं, खोटं विमानतळ झोपतं. आमचे वडील खोट्या स्टेशनच्या बाकावर बसून राहिले, उठेनात. का ओ बाबा, तर म्हणे, "गाडी आल्याबिगर कसं उठावं."

समृद्धी_७०१

मधलं अंतर विसरलात मंडळी. समृद्धी झाल्यापासून संभाजीनगर-जालनावाल्यांसाठी शिर्डी दीड-दोन तासांवर आलीय. तिथे वेट अँड जॉयचा वॉटरपार्क आहे, बाजूलाच साईतीर्थ हे भक्तीवरचं थीम पार्क. आई-बाबांना दर्शन, पोरांना पाणी, एकाच मुक्कामात दोन्ही. योगायोग बघा, ते चालवणाऱ्या मालपाणी समूहानेच २०२२मध्ये इमॅजिका घेतलं.

इमॅजिकालाही जाऊन आलोय. जून २०२५ला समृद्धी थेट भिवंडीजवळ आमणेपर्यंत पूर्ण झाल्यापासून तेही पूर्वीइतकं अवघड राहिलं नाही. पार्कला लागूनच नोव्होटेल आहे. महाग वाटलं, पण इतक्या लांब जाऊन त्याच रात्री परत फिरणं म्हणजे ड्रायव्हरचे हाल, आणि आमच्या घरी ड्रायव्हर मीच. राजासौरसची बोट पोरांना आवडली. नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये मी एकदा बसलो, पुन्हा बसणार नाही.

पैठणगेट

आजींनी पाय सोडले ते वाचून पैठणची बाग आठवली. आमच्या लहानपणी मराठवाड्याचं थीम पार्क एकच, ज्ञानेश्वर उद्यान. म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर केलेलं. एसटीने जायचं, आधी नाथांचं दर्शन, मग धरणाची भिंत, मग अंधार पडायची वाट बघत गवतावर डबा. अंधार पडला की संगीताचे कारंजे. रंगीत पाणी गाण्यावर नाचतंय यावर आमचा विश्वासच बसायचा नाही. मामा सांगायचा, खाली एक माणूस तोट्या उघड-बंद करत बसलाय. मी बारा वर्षांचा होईपर्यंत त्या माणसाची कीव करत होतो. नंतर कारंजे बंद पडले, बाग सुकली.

तिथे तेव्हा राहायला मिळावं असं फार वाटायचं. शेवटची एसटी चुकू नये म्हणून बाबा कायम घड्याळ बघत असायचे, दोन गाणी राहायचीच.

सिडकोवाली

पैठणगेट, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "तो माणूस होताच, मी पाहिलाय." आता काय बोलणार.

काळी_माती, तुमचं मनाला लागलं. खरंच. मी आज पार्कला फोन केला. पावसाचं साठवलेलं शेततळं आहे म्हणाले, उन्हाळ्यात बोअरचंही घेतो म्हणाले. बॅकवॉशचं विचारलं तर पलीकडचा माणूस "मॅडम, तुम्ही प्रदूषण मंडळातून बोलताय का?" म्हणून सावध झाला.

काळी_माती

विचारलंत तेच खूप झालं. एक बोलायचं राहिलं. माझी बहीण संभाजीनगरला दिलेली आहे, तिची पोरं सुट्टीत आमच्याकडं येतात आणि मांजरा धरण भरलं की काठावर नेऊन बसवायला लावतात. तुमच्या सासूबाईंसारखं पाय सोडून. तिथं कॉस्च्युम लागत नाही.

मोंढा_नाका

पुढच्या बुधवारी आम्हीपण बुक केलंय. बायकोने धागा वाचला. तिला त्या दीड तासाच्या चहाचंच पडलंय, वॉटरपार्कचं काही नाही. "चालेल"चा मेसेज घेतलाय. किटली खोलीत असते ना?

सिडकोवाली

असते. चहापावडर घरून न्या, तिथल्या पुड्या अगदी पांचट.

अवांतर: सिडकोत एन-सहाला आज पाणी आलं का कुणाकडे? आमची पाळी होती.

चटणीभाकर

एन-सातला आत्ता आलंय. प्रेशर नाही, मोटर लावा.